चोचफुलाचा संसार

मराठी भाषेने झाडाझुडपांना माणसांच्या गुणदोषांसाठी राबवले खरे, पण राबवताना न्याय मात्र फारसा केला नाही. कोणी दुसऱ्याच्या जिवावर चैन करू लागला की आपण त्याला ‘बांडगूळ’ म्हणतो, आणि कोणी दुसऱ्यासाठी झिजून गेला की त्याला चंदनाची उपमा देतो. सत्काराच्या सभेत चंदन आणि भाऊबंदकीच्या भांडणात बांडगूळ, अशी या दोघांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता गंमत पहा. चंदनाचे झाड केवळ स्वतःच्या मुळांवर विसंबून धडपणे वाढत नाही. जमिनीखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता, ते आपली मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटवते आणि त्यांतून पाणी व क्षार ओढून घेते. म्हणूनच चंदन लावणारे शेतकरी रोपाशेजारी तुरीसारखे एखादे सोबतीचे झाड आठवणीने लावतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर चंदन आणि बांडगूळ यांना एकाच गणात बसवले आहे. एकाची चोरी फांदीवर, उघड्यावर. दुसऱ्याची मातीखाली, झाकून. एवढाच काय तो फरक! आणि सुगंध असला की कोणी मुळांची चौकशी करीत नाही, हे आपण समाजातही पाहतोच.

हे सगळे आठवण्याचे कारण असे की, या सदरातून यंदा ज्या फुलाची ओळख करून द्यायची आहे, तेही याच पंथातले आहे. त्याला सुगंधाचा लौकिक नाही, औषधाची ख्याती नाही, देवाला वाहण्याचा मान नाही. ते आपल्या देशातलेही नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, समुद्राच्या खाऱ्या दलदलीत ते उगवते आणि वर्षाच्या आत मरून जाते. तरीही या बापड्या फुलासाठी तिथल्या सरकारने कायद्याचे कवच पुढे केले, महामार्ग बांधणाऱ्यांना अटी घातल्या, आणि विदुषींनी वर्षानुवर्षे चिखल तुडवला. एवढे काय होते त्यात?

शास्त्रात त्याचे नाव क्लोरोपायरॉन मॅरिटिमम. व्यवहारातले इंग्रजी नाव ‘सॉल्ट मार्श बर्ड्‌स बीक’, म्हणजे खाऱ्या दलदलीतली पक्ष्याची चोच. आपण आपल्या सोयीसाठी त्याला चोचफूल म्हणू. रोप जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोडे उंच. रंग राखाडी हिरवा, त्यावर कुठे कुठे जांभळट झाक. फूल बोटाच्या एका पेराएवढे, पांढुरके, टोकाशी जांभळ्या रेघांचे. पाकळ्यांची नळी पुढे मिटलेली असते, आणि ती एखाद्या पाखराच्या बंद चोचीसारखी दिसते. पानांकडे जवळून पाहिले तर त्यांवर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. मुळांवाटे आलेले जादा मीठ हे रोप पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. दिवाळीच्या किल्ल्यावर अभ्रकाची पूड भुरभुरावी तसे ते उन्हात लकाकते.

या फुलाशी विद्वानांची ओळख कशी झाली, ती कथाही मोठी गोड आहे. टॉमस नटॉल नावाचा इंग्लंडात जन्मलेला एक वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वर्ड विद्यापीठातली आपली जागा सोडून अमेरिकेच्या पश्चिमेकडे भटकायला निघाला. १८३६ साली तो सॅन डिएगोला पोहोचला. तेथे कातड्यांच्या व्यापाराचे एक जहाज लागलेले होते, आणि त्यावर रिचर्ड हेन्री डेना हा त्याच्या ओळखीचा हार्वर्डचा विद्यार्थी खलाशी म्हणून काम करीत होता. ‘टू यिअर्स बिफोर द मास्ट’ या आपल्या पुस्तकात डेनाने लिहून ठेवले आहे की, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, किनाऱ्यावर शंखशिंपले वेचणारा हा म्हातारबुवा पाहून खलाशी चक्रावून गेले होते. शिकलासवरला माणूस इतक्या दूर येऊन गवतपाला आणि शिंपले गोळा करतो म्हणजे काय! त्यांनी त्याचे नावही मजेचे पाडले होते. आमच्या चोचफुलाच्या शास्त्रीय नावापाठीमागे आजही या नटॉलचे नाव जोडलेले असते.

आता हे फूल राहते कुठे, ते पाहू. आपल्या कोकणातल्या माणसाला हे सांगायला फार वेळ लागणार नाही, कारण खाडीकाठचे खाजण त्याने पाहिलेले असते. भरतीचे पाणी रोज जिथवर येते, तिथे एक प्रकारची वनस्पती; पाणी अधूनमधून पोहोचते, तिथे दुसरी; आणि केवळ अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणालाच जिथे समुद्र पाय लावून जातो, तिथे तिसरी. कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या दलदलीतही अशाच पायऱ्या असतात. सर्वांत खाली उंच, ताठ पात्यांचे गवत. मधल्या पायरीवर कांडवेलीसारख्या सांध्यांची, पाणीदार देठांची, पाने नसल्यासारखी दिसणारी झुडपे. आणि सर्वांत वर, कोरड्या जमिनीला लागून, बुटक्या खाऱ्या गवताचा पट्टा. चोचफुलाचे बिऱ्हाड या वरच्या पट्ट्यात. खाली गेले तर पाण्यात बुडायची भीती, वर गेले तर रानगवताच्या दाटीत घुसमटायची भीती. समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवरची ही अरुंद ओसरी, तेवढीच त्याची.

तिथला पाऊस आपल्याकडच्या उलट, हिवाळ्यात येतो. त्या पावसाने जमिनीतले मीठ काही दिवस धुऊन निघते आणि तेवढी संधी साधून बी रुजते. पाऊस थांबतो, उन्हाळा कोरडा जातो, माती पुन्हा खारट होते. साधारण मे महिन्यापासून पुढे, बहुतेक वर्षायू वनस्पती वाळून गेलेल्या असताना, हे रोप फुलायला लागते. हे त्याला साधते ते शेजाऱ्यांच्या बळावर. त्याची मुळे खाऱ्या गवताच्या, झुडपांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांतून पाणी आणि पोषण घेतात. पाने हिरवी आहेत, तेव्हा आपले अन्न ते स्वतः शिजवते. पण पाणी मात्र शेजारच्या घरचे. म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. बी पक्व झाले की रोप संपते. बी हलके असते, पाण्यावर तरंगते, आणि भरतीबरोबर जिथे जाऊन पोहोचेल तिथे पडते.

ज्वारी पिकवणाऱ्या घरातले वाचक इथे दचकतील. कारण टारफुला त्यांना ठाऊक आहे. ज्वारीच्या मुळांना चिकटून धाट खुरटवणारा तो टारफुला आणि तंबाखूच्या शेतात उगवणारा बंबाखू हे दोघेही चोचफुलाचे सगोत्र. तिघांचे कूळ एकच. मग एका भावाला उपटून जाळायचे आणि दुसऱ्याला कायद्याने सांभाळायचे, हा काय न्याय झाला? न्याय असा की, टारफुल्याला आपण एकाच पिकाचे मैलभर पसरलेले पंचपक्वान्नाचे ताट वाढून दिले. त्याने ओरपले, यात नवल नाही. दलदलीत ताट तेवढे मोठे नसते. ब्रेंडा ग्रेवेल या संशोधिकेने कॅलिफोर्नियाच्या दलदलीत पाहणी करून २००८ साली असे दाखवले की, चोचफुलासारखी अर्धपरोपजीवी रोपे जिथे असतात तिथे वनस्पतींच्या अधिक जाती एकमेकींच्या सोबतीने नांदतात. माजलेल्या यजमानाचा जोर ते थोडा उतरवते आणि त्या मोकळ्या जागेत दुर्बळांना वाव मिळतो. घरातला एखादा पाहुणा असतोच ना असा, की तो जेवतो खरा, पण तो असला म्हणजे थोरल्यांचा दरारा कमी होतो आणि धाकट्यांना बोलायला जागा मिळते!

असे हे फूल दुर्मिळ कशाने झाले? त्याचा दोष एकच, की त्याला राहायला समुद्रकाठच आवडतो, आणि माणसालाही. बंदरे, लोहमार्ग, विमानतळ, बंगले आणि हमरस्ते या सगळ्यांना किनाऱ्यावरची सपाट जमीन हवी असते, आणि दलदल म्हणजे तर फुकट गेलेली जागा, असाच सर्वांचा समज. १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत कॅलिफोर्नियातल्या पाणथळ जमिनींपैकी सुमारे ९१ टक्के नष्ट झाल्या. दक्षिणेकडचे चोचफूल पूर्वी मोरो उपसागरापासून थेट मेक्सिकोच्या हद्दीपलीकडच्या किनाऱ्यापर्यंत खाडीखाडीला होते. ते मोजक्या ठिकाणी उरले. १९७३ साली अमेरिकेने संकटग्रस्त जीवजातींचा कायदा केला आणि १९७८ साली या फुलाचे नाव त्या यादीत आले.

यानंतरची हकिगत सॅन डिएगो उपसागराच्या काठच्या स्वीटवॉटर दलदलीतली. तिथे महामार्गाचे रुंदीकरण, एक नवा महामार्ग आणि पुराच्या पाण्यासाठी मोठा कालवा, अशी कामे निघाली. त्यात दलदलीचा भाग जाणार होता. कायद्याने वाट काढली ती अशी: एका ठिकाणी मोडता आहात, तर दुसऱ्या ठिकाणी तेवढेच घडवून द्या. पण भरपाईची जमीन ताब्यात येण्याआधीच कामे पुढे रेटली जाऊ लागली, तेव्हा सिएरा क्लब ही संस्था न्यायालयात गेली. १९८७ साली वरिष्ठ न्यायालयाने सरकारी खात्याला चांगलेच खडसावले, आणि १९८८ साली तिथे ३१६ एकरांचे राष्ट्रीय अभयारण्य झाले. भरपाईच्या अटींत तीन जीव होते. एक चिमुकला सुरय पक्षी, एक पाणकोंबडीच्या कुळातला रेल पक्षी, आणि तिसरे आपले चोचफूल.

कागदावर हा हिशोब किती स्वच्छ दिसतो! इतके एकर वजा, तितके एकर जमा. पण जमेच्या बाजूला जे मांडायचे ते जिवंत असते आणि त्याला खातेवही वाचता येत नाही, हे पुढच्या काही वर्षांत कळून आले.

सॅन डिएगोच्या विद्यापीठात जॉय झेडलर नावाच्या प्राध्यापिका होत्या. या नव्याने घडवलेल्या दलदलीत काय घडते आहे, याची त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे बारकाईने नोंद ठेवली. रेल पक्षी घरटे बांधतो खालच्या पायरीवरच्या उंच गवतात. नव्या जागी ते गवत लावले, ते जगलेही. पण उंच काही होईना. कारण शोधता असे दिसले की, तिथली माती म्हणजे उपसून टाकलेली रेताड भर; तीत नत्र धरून ठेवण्याची ताकद नव्हती. खत घातले की गवत वाढे, खत थांबवले की पुन्हा खुरटे. त्यातच त्या गवतावर खवले कीड पडली. जुन्या दलदलीत त्या किडीला खाणारे भुंगेरे उंच गवतात राहत. इथे उंच गवतच नाही, तर भुंगेरे कुठून येणार? गवत उंच नाही म्हणून भुंगेरे नाहीत, भुंगेरे नाहीत म्हणून कीड, कीड म्हणून गवत उंच नाही! रेल पक्ष्याला हवे होते तसे दाट उंच गवत तिथे उभे राहिलेच नाही.

चोचफुलाचे नशीब थोडे बरे. स्वीटवॉटरमधून ते १९९० पूर्वीच नाहीसे झाले होते. तेव्हा मेक्सिकोच्या सीमेलगतच्या टिहुआना खाडीतून बी आणून ते दलदलीच्या वरच्या पट्ट्यात पेरले. रोपे उगवली, यजमानांना धरून वाढली, फुलली. सगळ्यांना हायसे वाटले. पण झेडलरबाई आणि त्यांच्या सहकारी लॉरेन पार्सन्स बोंडे उघडून पाहू लागल्या. फुले आहेत, त्या मानाने बी कमी! वर्षायू वनस्पतीच्या बाबतीत ही फार गंभीर गोष्ट आहे. आंब्याला एक वर्ष मोहोर आला नाही तर मालक हळहळतो, पण झाड असतेच. या फुलाला ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणण्याची सोय नाही. त्याचा सारा वंश मूठभर बियांत असतो, आणि ते बीही खायला एका पतंगाच्या अळ्या टपलेल्या असतात.

शोधाचा रोख मग वळला मधमाश्यांकडे. चोचफुलाची मिटलेली चोच उघडून आत शिरणे हे अंगात बळ असलेल्या माशीचेच काम. तिथल्या रानमाश्या आणि गुबगुबीत भुंगे ते करतात. यांतल्या बऱ्याच माश्या पोळे बांधीत नाहीत. कोरड्या जमिनीत बीळ करून एकेकट्या राहतात. म्हणजे दलदलीच्या फुलाला दलदलीबाहेरची कोरडी जमीन हवी! भरतीचे पाणी जिथे कधीच येत नाही अशी माळाची, झुडपांची जागा शेजारी नसेल तर माश्या नाहीत, माश्या नाहीत तर बी नाही. आणि महामार्ग, भिंती, वाहनतळ हे नेमके त्या कोरड्या जमिनीवरच उभे असतात. दलदल वाचवली म्हणून कुंपण घालून मोकळे व्हावे, तर फुलाची निम्मी गृहस्थी कुंपणाबाहेर राहते.

आणखी एक गुंता नंतर उकलला. शहरातल्या गटारांचे, बागांचे गोडे पाणी दलदलीत उतरू लागले की युरोपातून आलेले एक विळ्यासारखे वाकडे गवत तिथे फोफावते. चोचफुलाच्या कोवळ्या मुळांना आपले-परके कळत नाही. ती त्या गवतालाही धरतात. पण हे परके गवत वसंतातच वाळून जाते. ऐन उन्हाळ्यात, फुलण्याच्या वेळी, यजमानच परलोकवासी! २००५ साली या गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खारे गवत बारमाही असते. ते उन्हाळाभर साथ देते. नव्या गवताची उधारी चारच महिन्यांची. दिसायला हिरवेगार शेजार, आणि गरजेच्या वेळी दाराला कुलूप.

ज्या टिहुआना खाडीतून बी आणले, तिचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८३ सालच्या वादळी हिवाळ्यात तिथले वाळूचे दांडे ढासळले आणि १९८४ साली खाडीचे तोंड वाळूने बुजले, ते सुमारे आठ महिने. भरतीचे पाणी येईना, जमीन वाळली, भेगाळली. त्या एका वर्षात, मधल्या पायरीवर राहणारी पाणीदार देठांची एक वर्षायू वनस्पती त्या खाडीतून पार नाहीशी झाली. तिचे बी मातीत शिल्लक राहत नसे. दरवर्षीचे बी दरवर्षीच खर्च होई. एक वर्ष चुकले आणि घराण्याचा दिवा मालवला. पुस्तकात ‘वर्षायू’ हा शब्द किती निरुपद्रवी वाटतो! त्याचा अर्थ हा असा आहे.

आता या फुलापुढे नवी अडचण आहे. समुद्राची पातळी हळूहळू वाढते आहे. पूर्वी असे झाले तेव्हा दलदल सावकाश मागे सरकली आणि तिच्याबरोबर तिच्या पायऱ्याही सरकल्या. पण आज मागे रस्ता आहे, घरे आहेत, दगडी बांध आहे. खालून पाणी चढणार, वरून भिंत हटणार नाही, आणि मधली ती अरुंद ओसरी दोहोंच्या कात्रीत सापडणार. चोचफुलाला वाचवायचे तर त्याला सरकायला अंगण मोकळे ठेवावे लागेल, असे तिथले जाणकार म्हणू लागले आहेत.

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. आपल्या किनाऱ्यावर हे फूल नाही, पण हा सौदा मात्र आहे. खाडीवरून पूल, खाजणातून रस्ता काढताना तिवरांची रोपे दुसरीकडे लावून भरपाई केल्याचे आकडे आपणही वाचतो. अशा आकड्यांना लबाडी म्हणून झिडकारू नये; स्वीटवॉटरला चोचफुलाचे ताटवे खरोखरच पुन्हा उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. पण ते उभे राहिले ते कोणी तरी बोंडे फोडून बी मोजले म्हणून. केवळ किती रोपे लावली एवढे मोजून नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी असा आकडा वाचला की एवढेच विचारावे: पेरलेल्याला बी धरले का? त्याच्या माश्या कुठे राहतात? त्याचे यजमान कोण, आणि ते उन्हाळ्यात जिवंत असतात का?

एखाद्या माणसाला विचारले की बाबा, तुझे नुकसान किती झाले, तर तो घराच्या भिंती मोजून दाखवतो. शेजार मोजून दाखवणे त्याच्या मनातही येत नाही, कारण शेजाराचा सातबारा नसतो. चोचफुलाकडे भिंती नाहीतच. त्याची सगळी मालमत्ता म्हणजे शेजार. कोणाचे पाणी, कोणाची सावली, कोणाच्या बिळातली माशी, आणि उधाणाच्या पाण्याची वाहतूक. अशा जिवाला ‘परोपजीवी’ म्हणून हिणवावे, की शेजारधर्माचा चालताबोलता दाखला म्हणून त्याच्याकडे पाहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कॅलिफोर्नियात आता हिवाळ्याच्या पावसाची वाट पाहण्याचे दिवस आहेत. तो आला की त्या ओसरीवरचे मीठ थोडे धुऊन निघेल, मागल्या उन्हाळ्यातले बी रुजेल, आणि पहिले मूळ अंधारात शेजाऱ्याचे दार शोधू लागेल.